त्यांना प्रवास सोसत नाही

सोलापूर,
बुधवार, १३ मे

प्रिय रेश्मा,

‘प्रिय’ लिहिलं आणि पाच मिनिटं पेन तसंच धरून बसलो. दुसरं काय लिहायचं ते सुचेना. ‘सौ.’ आता लिहिता येत नाही आणि ‘श्रीमती’ लिहिलं तर तुला वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटेल. तेव्हा प्रिय राहू दे. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तू दोन निळ्या खुणा उमटवून गप्प बसतेस, म्हणून हे पत्र. कारखान्यातल्या शिफ्ट रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय, तेवढं चालवून घे. आज माझी दुसरी पाळी आहे. त्याच्या आत संपवून जाताजाता कुरिअरला टाकतो, म्हणजे उद्या किंवा फार तर परवा तुझ्या हातात पडेल. शनिवारच्या आत पडायला पाहिजे.

शनिवारी वैदेही येणार. मागच्या महिन्यात तू फोनवर जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. दिवाळीत आठ दिवसांसाठी आलेली पोर तिसऱ्या दिवशी रडून परत गेली. या खेपेलाही तसंच झालं तर यापुढे मी तिला बळंबळं पाठवणार नाही, मोठी झाली की तिचं ती ठरवेल, असं म्हणालीस. तुझं काही चुकलं नाही. आपल्या कागदावर सह्या करताना मे महिन्याचे पंधरा दिवस बापाकडे असं लिहून घेतलंय खरं, पण दहा वर्षांच्या पोरीला कागद दाखवून घरात ठेवता येत नाही. फक्त ‘मोठी झाली की’ म्हणजे किती, हे तू सांगितलं नाहीस. बारा? सोळा? तोवर मी तिच्यासाठी वाढदिवसाला फोन करणारा कुणीतरी होईन. त्या फोननंतर माझं कशात लक्ष लागत नाही. मागावर उभा असतो आणि धागा तुटलेला दिसत नाही, असं दोनदा झालं. कारखान्यातले अण्णाराव म्हणाले, रजा घे नाही तर डोळे तपासून घे. दोन्ही घेतलं नाही. गिनीपिग घेतले.

हे तुला वैदूने सांगितलं असणारच. आता माझ्याकडून ऐक, कारण तिला सगळं ठाऊक नाही. पाडव्याला तिने फोनवर सांगितलं होतं की तुमच्या सोसायटीत तिच्या मैत्रिणीकडे गिनीपिग आहे, तो शिट्टी वाजवल्यासारखा ओरडतो आणि मांडीवर झोपतो. मम्मीने नको म्हटलं, जागा नाही म्हणाली, हेही सांगितलं. मी त्या दिवशी जेवताना उठलो आणि फोनवर गिनीपिग कसा असतो ते बघत बसलो. आईने विचारलं, काय रं, कुणाचं काय झालं. मी म्हटलं, वैदूसाठी गिनीपिग आणायचे आहेत. तिला त्यातला ‘पिग’ तेवढा कळला. शेजारच्या पोरांनी शाळेची पुस्तकं तिच्यासमोर मोठ्याने वाचून ही पंचाईत केलेली आहे. तिने ताट सरकवलं. “डुकरं आननार हाईस व्हय घरात? देवघरापासनं धा पावलांवर? मंग मला वैरागला सोड माझ्या भावाकडं, आन तू ऱ्हा तुझ्या डुकरांसंगं.” दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी फोटो दाखवला तर चष्मा नाही म्हणाली. चष्मा कपाळावर होता.

जनावरं मिळाली ती जुळे सोलापूरच्या एका दाताच्या डॉक्टरबाईंकडून. त्यांचं नाव भुवनेश्वरी. त्या बंगळूरला कायमच्या चालल्या होत्या आणि त्यांच्या दोन गिनीपिगांना, दोन्ही माद्या, घर हवं होतं. मला वाटलं, जाऊन टोपली उचलून आणायची. पण बाई म्हणाल्या, मी आधी तुमचं घर बघणार. आणि खरंच आल्या. तुला बघायला आम्ही माढ्याला आलो होतो ना, तुझे वडील दर दोन मिनिटांनी उठून पंखा वाढवत होते, तशी माझी अवस्था. बाईंनी सगळं विचारलं. घरात मांजर येतं का, दुपारी खोली किती तापते, तुम्ही कामावर गेल्यावर कोण असतं. मी पिंजरा तयार करून ठेवला होता. कारखान्याबाहेरच्या वेल्डिंगवाल्याकडे स्वतः उभं राहून करून घेतला होता, चारी बाजूंनी जाळी, खालीही जाळी, म्हणजे घाण खाली पडावी. कोंबड्यांना करतात तसा. बाईंनी तो पाहिला आणि हात लावायच्या आतच नको म्हणाल्या. जाळीवर त्यांचे तळवे फाटतात. त्यांना सपाट जमीन लागते, पळायला निदान चार फूट, लपायला दोघींना दोन वेगळ्या जागा. एकटीला ठेवायचंच नाही, एकटं जनावर झुरतं. आणि मग त्यांनी शेवटचं विचारलं: तुम्ही नेहमी एवढ्या मोठ्याने बोलता का?

मी म्हटलं, मी कुठे मोठ्याने बोलतोय. आईने आतून सांगितलं, “व्हय बाई, वरडतोच त्यो. त्या कारखान्यानं आवाज फाडलाय त्येचा.” सतरा वर्षं मागांच्या खडखडाटात कामगारांशी बोलतोय मी, रेश्मा. जॉबरचं काम म्हणजे सोळा मागांच्या मधून येरझाऱ्या घालायच्या, बिघडला की थांबवायचा, आणि चार हातांवरच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगायचं. घरी आलो तरी तो आवाज घरी येतो. तुझी आणि माझी पहिली भांडणं कशावरून व्हायची आठवतं का? तू म्हणायचीस ओरडू नका, आणि मी ओरडून सांगायचो की मी ओरडत नाहीये. मला ते तेव्हा फार विनोदी वाटायचं. बाई गेल्यावर मात्र मला दिवाळीतलं एक जेवण आठवलं. वैदूच्या ताटात मी चकली वाढत होतो, घे की अजून एक म्हणत होतो, आणि पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. मला वाटलं, फटाके वाजतायत म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. शक्य तेवढ्या हळू विचारलं, मी ओरडतो का गं. ती म्हणाली, बाबा, तू नेहमीच ओरडतोस, मला वाटतं माझं काहीतरी चुकलंय. फोन ठेवला आणि मी तुझं शिलाई मशीन जिथे असायचं त्या खिडकीखाली जमिनीवर बसून राहिलो. आई आली, बघून गेली. दिवाळीत तिसऱ्या दिवशी वैदू तुझ्या आठवणीने रडली असं मी सहा महिने सगळ्यांना सांगत होतो, तुलासुद्धा. खरं म्हणजे तिला माझी भीती वाटत होती. हे लिहिताना आत्ता उठून एक चक्कर मारून आलो. एका जागी बसून असलं काही लिहायची मला सवय नाही.

तर हळू बोलायची तालीम सुरू केली. गिनीपिग यायच्या आधीच केली, नुसत्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर. नवा पिंजरा खिडकीखाली केला, तुझ्या मशीनच्या जागेवर. लाकडी चौकट, तळाला प्लायवूड, त्यावर रेक्झिन, बाजूंना हातभर उंच जाळी. कपाट उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. गच्चीवर चुना मारला, खिडकीला हिरवी जाळी लावली, कूलर धुऊन नवीन गवत भरलं. बाईंनी बजावून सांगितलंय की ऊन या जनावरांना चालत नाही, माणसाला घाम येईल तेवढ्या उकाड्यात ती मरतात. आणि आपलं गाव मे महिन्यात कसं असतं ते तुला सांगायला नको. लाईट गेली तर काय, म्हणून फ्रीजमध्ये पाण्याच्या सहा बाटल्या गोठवून ठेवलेल्या असतात, त्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायच्या, म्हणजे दोघी त्यांना टेकून बसतात. अण्णारावांनी विचारलं, दिग्विजय, तू एवढं कधी तुझ्या पोरीच्या आईसाठी केलंस का. गमतीने विचारलं त्यांनी. मी हसलो. नंतर पाळी संपेपर्यंत हसायला आलं नाही.

तीन तारखेला रविवारी दोघी आल्या. एक पांढरी, एक तपकिरी, दोघींच्या डोक्यावर केसांचा भोवरा. मी त्यांची नावं ठेवली नाहीत, ती वैदूने ठेवायची आहेत. नावं ठेवायचं काम तोवर आई करते. पहिल्याच दिवशी पिंजऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, “ह्ये उंदीरबी न्हाय, ससाबी न्हाय. शेपूटच न्हाय की. देवानं अर्ध्यातच काम सोडलं व्हय?” पण संध्याकाळी कोथिंबीर निवडताना तिने दोन काड्या जाळीतून आत सारल्या आणि पांढरी एवढ्या मोठ्याने शीळ घालून पळत आली की आई दोन पावलं मागे सरली. आता पिशवीचा आवाज झाला की दोघी ओरडतात, आणि आई त्यांना, आले गं बायांनो, जीव खाऊ नका, म्हणते. चन्नम्मा भाजीवाली तिच्यासाठी कोथिंबिरीच्या काड्या आणि ढबू मिरचीचे तुकडे वेगळे ठेवते. डुकरं हा शब्द घरातून गेलाय. मला मात्र त्या बिचकायच्या. मी खोलीत आलो की उलट्या घातलेल्या कुंड्यांखाली जाऊन बसायच्या. मग मी सकाळी पेपर घेऊन त्यांच्यासमोर बसायला लागलो आणि हळू आवाजात वाचायला लागलो, कुठल्या भागात पाणी कधी सुटणार, कुणाच्या सभेला कोण आलं. चौथ्या दिवशी तपकिरी बाहेर आली आणि माझ्या पायाच्या अंगठ्याचा वास घेऊन गेली. मी हललो नाही. तुला खरं वाटणार नाही, पण मी वीस मिनिटं हललो नाही.

मध्ये एक चूक झाली, ती सांगायलाच पाहिजे, कारण हे पत्र त्या चुकीतून निघालंय. बाईंनी सांगितलं होतं, रेक्झिनवर मऊ कापड अंथरा. मऊ कापड म्हटल्यावर टॉवेल बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? दुसऱ्या कुणी जुनी साडी टाकली असती, बेडशीट टाकलं असतं. मी कारखान्यातून सेकंड माल उचलून आणला, सेकंड म्हणजे नुसती कड वाकडी गेलेला. बाहेरच्या देशातल्या हॉटेलांत जातो तो टॉवेल, पांढराशुभ्र, जाड, दाट. त्याचा लूप माझ्या हातचा आहे. तुला मी लग्नानंतर शेडमध्ये आणलं होतं तेव्हा दाखवलं होतं बघ, टॉवेलचा मऊपणा म्हणजे काय, तर धाग्याचे हे बारीक बारीक उभे फास, ते किती उंच ठेवायचे ते मी ठरवतो. तू म्हणाली होतीस, एवढंसं? आणि मी रुसलो होतो. तेच टॉवेल चार पदरी अंथरले आणि रविवारी झोपण्याआधी मला वाटलं की सोलापुरात यांच्याइतका भारी बिछाना कुणाला नसेल.

सोमवारी सकाळी चहा घेताना किंचाळण्याचा आवाज आला. तपकिरीच्या पुढच्या पायाचं नख लुपात अडकलं होतं. ती ओढत होती आणि ओढेल तसा तो धागा नखाभोवती आवळत होता. मी धरायला गेलो तर ती आणखी ओढायला लागली. मी शेवटी कात्रीने लूप कापला, पण तोवर नख मुळापासून तुटलं होतं. पांढऱ्या टॉवेलवर रक्ताचे ठिपके. एवढंसं जनावर, त्याचं रक्त ते किती असणार. आईने हळद आणून दाबून धरली, तिच्या हातात ती गप्प राहिली, माझ्या हातात राहिना. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, टॉवेल? टॉवेल कुणी घालतं का? त्यात नखं अडकतात. मी सतरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं की माझा लूप कुणाला लागू शकतो. संध्याकाळी शेडमध्ये अण्णारावांना सांगितलं, तर ते म्हणाले, “तुझ्या लुपाचं कौतुक तुला. त्या जनावराला काय रे त्याचं?” आता पिंजऱ्यात चादर आहे, आपली साधी सोलापुरी चादर, सपाट विणीची. पाय बरा होतोय, थोडी लंगडते, पण पळते.

पण माझं चित्त त्या दिवसापासून ठिकाणावर नाही. ते जनावर ओढत होतं आणि मी त्याला धरत होतो, आणि मला सारखं टेंभुर्णीचं स्टँड दिसत होतं. तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतोय. आपण त्याबद्दल कधीच बोललो नाही. तुझी पुण्याच्या कंपनीतली ती पहिली नोकरी, पहिला दिवस. सकाळची गाडी मीच धरून दिली, खिडकीतून डबा दिला, वैदूला कडेवर घेऊन हात हलवला. घरी आलो तर घर असं रिकामं वाटलं की मला बसवेना. तासाभराने तुला फोन केला की आई न्हाणीत पडली, ये लगेच. तू टेंभुर्णीला उतरलीस, मिळेल त्या जीपने दुपारपर्यंत परत आलीस. आई ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आता बरं वाटतंय तिला. भात गरम केलास, मला वाढलास. ती नोकरी गेली. आठ महिन्यांनी दुसरी मिळाली तेव्हा तू वैदूला घेऊन कुठल्या गाडीने गेलीस ते मला सांगितलं नाहीस. आईने मात्र त्या टेंभुर्णीच्या दिवशी, तू न्हाणीत असताना, मला हळूच विचारलं होतं, “म्या कवा पडले रं?” मी उठून बाहेर गेलो. तिने परत कधी विचारलं नाही आणि तुलाही कधी सांगितलं नाही. आज मी सांगतोय. आई पडली नव्हती. मी खोटं बोललो होतो, तू जाऊ नयेस म्हणून. तुला ते तेव्हाच कळलं होतं हे मला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नव्हतंस. माझी चूक झाली. मोठी चूक झाली.

साडेबारा झाले. आई जेवायला हाका मारतेय आणि आतून दोघी ओरडतायत, त्यांना वाटतंय हाक त्यांना आहे. आता खरं काम.

वैदूला मी एप्रिलमध्ये फोनवर सांगितलं की गिनीपिग येणार. ती इतकी ओरडली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग तिने लगेच विचारलं, बाबा, मी त्यांना पुण्याला आणू शकते का? आणि मी म्हटलं, नाही गं, त्यांना प्रवास सोसत नाही, ती इथेच राहणार, तुलाच यावं लागेल. ती म्हणाली, मग मी प्रत्येक सुट्टीत येईन. रेश्मा, मी त्या दिवशी शेडभर सांगत सुटलो होतो की माझी लेक प्रत्येक सुट्टीत येणार. प्रवास सोसत नाही, हेही खोटं आहे. डॉक्टरबाईंनी त्या दोघी पुण्याहूनच आणल्या होत्या, गाडीत मांडीवर टोपली घेऊन, चार तासांत, आणि वाटेत त्या काकडी खात होत्या. मला हे वैदूशी बोलायच्या आधीपासून माहीत होतं. आणि तू नको म्हणाली होतीस तेही माहीत होतं. तू नको म्हणालीस म्हणूनच मी आणल्या. तुझ्या घरी जे मिळत नाही ते माझ्या घरी असलं म्हणजे ती येईल, एवढाच हिशेब होता माझा. तपकिरीचं नख तुटेपर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

म्हणून विचारतोय, भांडायला नाही. तुझ्या हडपसरच्या घरात चार फूट बाय अडीच फूट जागा होईल का? गॅलरीत नको, आतच, सावलीत. पिंजरा मी कालच पुन्हा केला, आता चार नटबोल्ट काढले की बाजू सपाट होतात आणि गाडीच्या डिकीत मावतो. एकतीस तारखेला तू तिला न्यायला येशील तेव्हा पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत पोचाल. काय खातात, किती खातात, ते आई सांगेल, तिचं आता पाठ झालंय. तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन, त्या इथे राहतील, मी सांभाळेन. पण ते तू ठरवलंस असं मी वैदूला सांगणार नाही. तिला मी एवढंच सांगेन की बाबा खोटं बोलला होता, त्यांना प्रवास सोसतो. शनिवारी ती गाडीतून उतरली की स्टँडवरच सांगेन, घरी येऊन त्यांना बघायच्या आधी, आणि हळू आवाजात सांगेन. मग कदाचित ती या वेळीही तिसऱ्या दिवशी तुला फोन करेल. केला तर ये तू, मी दोघींची टोपली तयार ठेवेन आणि काही कारण काढणार नाही. पण जे काही दिवस ती राहील, रेश्मा, ते ती जाता येत असतानाही राहिलेली असेल. असे दिवस माझ्या घरात कुणी राहिलेलं नाही.

तुझाच, निदान या कागदापुरता,
दिग्विजय